राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने

गेल्या पावसाळ्यात माझ्या शिष्यवृत्तीचा हप्ता अडकला. एका कार्यालयात चार खेपा घातल्या, तेव्हा कारकुनाने शासन निर्णयाची झेरॉक्स हातात ठेवली. घरी आल्यावर आबांनी ती मागून घेतली. आबा चौथीपर्यंत शिकलेले. त्यांनी बोट फिरवीत अगदी तळची ओळ वाचली : ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’. मग म्हणाले, “अरे, हुकूम राज्यपालांचा हाय, मग हितं कशाला हेलपाटे घालतोस? त्यांनाच अर्ज कर की!”

मित्रहो, राज्यशास्त्र हा माझा विषय. तरीही मला धड उत्तर देता येईना. त्या लाजेपोटी जे वाचले, ते येथे मांडतो.

घटनेच्या १६६ व्या कलमाप्रमाणे राज्याचा सारा कारभार राज्यपालांच्या नावाने चालतो. १६३ वे कलम मात्र सांगते की, स्वविवेकाच्या बाबी वगळता त्यांनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागायचे. म्हणजे नाव त्यांचे, निर्णय मंत्र्यांचा आणि सही सचिवालयातल्या कुणा अधिकाऱ्याची. आपल्या विद्यापीठाचे कुलपतीही तेच, हे पुष्कळांना पदवीदान समारंभापुरतेच आठवते.

मुदतीचे प्रकरण अधिक गमतीचे आहे. १५६ वे कलम पाच वर्षे म्हणते. पण त्याच कलमाचा आरंभ ‘राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत’ असा आहे. या दोन वाक्यांमधल्या फटीत आपल्या राज्यपालांचा इतिहास घडला, असे मला वाटते.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला तेव्हा श्रीप्रकाश राज्यपाल होते. ते द्वैभाषिक मुंबई राज्यापासून, १९५६ पासूनच, त्या पदावर होते. त्यांच्यानंतर एप्रिल १९६२ मध्ये डॉ. पी. सुब्बरायन आले आणि सहा महिन्यांच्या आतच, ऑक्टोबरात, वारले. मग विजयालक्ष्मी पंडित आल्या. पंडित नेहरूंच्या निधनाने रिकामी झालेली फुलपूरची जागा लढविण्यासाठी त्यांनी १९६४ मध्ये पद सोडले. डॉ. पी. व्ही. चेरियन यांची पाच वर्षे भरत आली असतानाच, नोव्हेंबर १९६९ मध्ये, त्यांचे निधन झाले. अली यावर जंग हेही डिसेंबर १९७६ मध्ये पदावर असतानाच गेले. पहिल्या सतरा वर्षांत तीन राज्यपाल पदावर असताना वारले, हे यादी वाचताना ध्यानात आले आणि थोडे चमत्कारिक वाटले.

पुढची यादी भराभर सरकते. एअर चीफ मार्शल मेहरा आणि एअर चीफ मार्शल लतीफ हे हवाई दलाचे दोन निवृत्त प्रमुख लागोपाठ आले. शंकर दयाळ शर्मा १९८७ मध्ये येथूनच उपराष्ट्रपती झाले. २०२५ मध्ये सी. पी. राधाकृष्णनही त्याच वाटेने गेले. के. शंकरनारायणन यांची ऑगस्ट २०१४ मध्ये मिझोरामला बदली झाली आणि त्यांनी राजीनामा दिला. ‘मर्जी’ म्हणजे काय, ते समजायला हे एक उदाहरण पुरे.

सर्वांत दीर्घ कारकीर्द डॉ. पी. सी. अलेक्झांडर यांची : जानेवारी १९९३ ते जुलै २००२, म्हणजे साडेनऊ वर्षे. त्या काळात सुधाकरराव नाईक, शरद पवार, मनोहर जोशी, नारायण राणे आणि विलासराव देशमुख असे पाच मुख्यमंत्री झाले. सरकारचा पक्ष दोनदा बदलला, राज्यपाल तेच राहिले.

हे पद निव्वळ शोभेचे, असेही म्हणवत नाही. फेब्रुवारी १९८०, सप्टेंबर २०१४ व नोव्हेंबर २०१९ मध्ये राष्ट्रपती राजवट लागली, तेव्हा मंत्रिमंडळच नव्हते आणि कारभार राष्ट्रपतींच्या वतीने राज्यपालांकडे होता. भगतसिंह कोश्यारी यांनी जून २०२२ मध्ये ठाकरे सरकारला बहुमत सिद्ध करायला सांगितले. ते समर्थनीय नव्हते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ११ मे २०२३ रोजी म्हटले. पण तोपर्यंत ते सरकार जाऊन बरेच दिवस झाले होते आणि कोश्यारीही फेब्रुवारीतच पायउतार झाले होते. माझ्या मते या पदाविषयीची खरी काळजी येथे आहे : चूक ठरली तरी ती उलटवता येत नाही.

हे सारे मी आबांना एका रात्री ओसरीवर सांगितले. त्यांनी निमूटपणे ऐकून घेतले. मग त्या कागदावर पुन्हा बोट ठेवून विचारले, “हितं त्येंचं नाव कुठंय?” मी पाहिले. खरेच, नाव कुठेच नव्हते. फक्त पद होते. “म्हणजे माणूस मेला, बदलला, तरी हुकूम चालतो?” “चालतो, आबा.” “आन् हप्ता?”

दुसऱ्या दिवशी मी त्याच कार्यालयात पाचवी खेप घातली. या वेळी अर्जात शासन निर्णयाचा क्रमांक आणि दिनांक लिहिला आणि पोच मागून घेतली. कारकुनाने प्रथमच मान वर करून माझ्याकडे पाहिले. हप्ता अजून आलेला नाही. पोच आबांनी देव्हाऱ्यामागच्या डब्यात जपून ठेवली आहे.