उन्हाळ्यात वेरूळ, अजिंठा किंवा किल्ले पाहायला जाताना: रुग्ण आणि ज्येष्ठांसाठी काळजी

मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली की नांदेड-लातूरकडची बरीच कुटुंबे वेरूळ, अजिंठा, देवगिरी पाहायला निघतात. जवळच जायचे असेल तर खरोशाची लेणी, कंधार किंवा उदगीरचा किल्ला असतो. नातवंडांच्या हट्टाखातर आजी-आजोबाही गाडीत बसतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यातले काही जण दवाखान्यात येतात. तक्रारी ठरलेल्या असतात: चक्कर, उलट्या, पायात गोळे, लघवीला जळजळ.

असेच एक साठी ओलांडलेले काका माझ्याकडे आले होते. त्यांना बीपी आणि मधुमेह. "डॉक्टरसाहेब, सकाळच्या गोळ्या घेतल्या, नाश्ता गाडीतच करू म्हटलं आणि राहून गेला. पाणीही कमीच प्यालो, वाटेत लघवीला कुठं थांबायचं?" भर दुपारी देवगिरीच्या पायऱ्या चढताना त्यांना भोवळ आली. सोबतच्यांनी वेळीच सावलीत बसवून पाणी पाजले, म्हणून थोडक्यात निभावले. त्यांच्या चुका साध्या होत्या आणि त्या आपण सगळेच करतो.

पहिली चूक वेळेची

नांदेडहून छत्रपती संभाजीनगर सुमारे अडीचशे किलोमीटर आहे आणि वेरूळ त्याच्याही पुढे. लातूरहून अंतर आणखी जास्त. पहाटे निघालेली गाडी तिथे पोचते तेव्हा अकरा-बारा वाजलेले असतात. म्हणजे सर्वांत कडक उन्हात आपण पायी फिरायला सुरुवात करतो. तेही पाच-सहा तास गाडीत बसून, कमी पाणी पिऊन.

म्हणून आदल्या दिवशी जाऊन जवळ मुक्काम करा. वेरूळला सकाळी लवकर आत जा आणि अकरापर्यंत मोठा भाग उरका. अजिंठ्याला प्रवेश नऊच्या सुमारास सुरू होतो, तेव्हा पहिल्या गर्दीतच आत जा. वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद असते, हे बेत आखताना लक्षात ठेवा. दुपारी बारा ते चार सावलीत काढा. शक्य असेल तर सहल नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच ठरवा.

इथे ऊन जास्त का लागते?

ही ठिकाणे काळ्या पाषाणात कोरलेली आहेत. दगड दुपारपर्यंत तापतो आणि उष्णता परत फेकतो. म्हणजे वरून ऊन आणि खालून-बाजूने झळा. वेरूळचे कैलास लेणे वरून उघडे आहे, त्यामुळे त्याच्या अंगणात दुपारी सावली कमी मिळते. देवगिरीला शेकडो पायऱ्या आहेत आणि चढलेले सगळे उतरावेही लागते. चढताना स्नायू स्वतःही उष्णता तयार करतात. घाम येऊन शरीर थंड होते, पण त्यासाठी शरीरात पाणी आणि मीठ पुरेसे हवे.

कोणी आधी डॉक्टरांना विचारावे?

- बीपी किंवा हृदयविकारासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारे.
- मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारखी औषधे घेणारे. या गोळ्यांनीही लघवीवाटे पाणी जाते.
- हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून पिण्यास सांगितलेले रुग्ण.
- मानसिक आजाराची काही औषधे घेणारे. त्यांतल्या काहींमुळे घाम कमी येतो.
- गरोदर स्त्रिया आणि लहान मुले.

गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. प्रवासाच्या दिवशी डोस किंवा वेळ बदलायची का, हे डॉक्टर ठरवतील. उपाशीपोटी मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन चढायला लागू नका. इन्सुलिन उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नका, ते खराब होते.

पिशवीत काय असावे?

अजिंठ्याला आपली गाडी फर्दापूरकडे थांबते आणि पुढचे सुमारे चार किलोमीटर तिथल्या बसने जावे लागते. गाडीत राहिलेली पाण्याची बाटली वेळेला उपयोगी पडत नाही. म्हणून खांद्यावरच्या पिशवीत हे ठेवा:

- माणशी किमान दोन लिटर पाणी. तहान लागायची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी थोडे थोडे प्या.
- ओआरएसची पाकिटे. नसतील तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ घातलेले ताकही चालते. मधुमेहींनी साखरेचे पन्हे आणि शीतपेये टाळावीत.
- सैल सुती कपडे, टोपी किंवा उपरणे, छत्री.
- जाड मोजे. चित्रे असलेल्या लेण्यांत चप्पल काढावी लागते. मधुमेहामुळे पाय बधिर झालेल्यांना तापलेल्या दगडाचा चटका कळत नाही आणि तळव्याला फोड येतात. संध्याकाळी तळपाय तपासा.
- नेहमीची औषधे, त्यांची चिठ्ठी आणि मधुमेहींसाठी ग्लुकोज किंवा साखर.

खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही, असा समज आपल्याकडे आहे. ठेवायचा तर ठेवा, पण पाण्याची बाटली त्याआधी घ्या.

पडक्या भिंतीच्या फटीत किंवा दगडाखाली हात घालू नका. विंचू चावला आणि घाम, उलट्या, छातीत धडधड सुरू झाली तर लगेच रुग्णालय गाठा. यावर प्राझोसिन हे औषध जीव वाचवते. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांच्या कामामुळे ते सर्वत्र पोचले.

ऊन लागले हे कसे ओळखावे?

चक्कर, डोकेदुखी, मळमळ, पायात गोळे, खूप घाम: ही सुरुवात आहे. तिथेच थांबा, सावलीत आडवे करा, पाय उंच ठेवा, ओआरएस द्या. अर्ध्या तासात बरे वाटले नाही तर दवाखान्यात न्या.

माणूस बरळू लागला, ओळखेना, झटका आला किंवा शुद्ध हरपली आणि अंग भट्टीसारखे तापले असेल, तर तो उष्माघात समजा. अंग घामाने ओले असले तरीही. यात शरीराचे तापमान १०४ अंश फॅरनहाइटच्या वर जाते आणि मेंदू, मूत्रपिंड, यकृत यांना इजा होते.

अशा वेळी काय करावे?

१. १०८ ला फोन करा.
२. रुग्णवाहिकेची वाट पाहत बसू नका, लगेच थंड करायला लागा. कपडे सैल करा, डोक्यापासून पायापर्यंत पाणी ओता, उपरण्याने जोरात वारा घाला. बर्फ मिळाला तर काखेत, मानेला आणि जांघेत ठेवा.
३. शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. त्याला कुशीवर वळवा.
४. पॅरासिटामॉल देऊ नका. हा ताप त्या गोळीने उतरत नाही.
५. गाडीत नेतानाही पाणी आणि वारा चालू ठेवा.

सहलीत एक नियम घरातल्या सगळ्यांनी पाळावा: कोणी "मी इथेच बसतो" म्हणाले तर त्याला आग्रह करू नका आणि एकटेही सोडू नका. कैलास लेणे बाराशे वर्षांहून जास्त काळ तिथे उभे आहे. उरलेले पाहायला पुन्हा हिवाळ्यात जाता येईल.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. औषधांतील बदल आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावेत.)