तार जाड की बारीक? तांब्याची की ॲल्युमिनियमची?

मोटारीच्या डिकीत कोणी मोठा अँप्लिफायर बसवतो. गाणे सुरू होते. पण आवाज चढवला आणि ढोलाचा ठोका पडला, की आवाज फाटतो. दोष अँप्लिफायरचाच असे समजून मालक दुसरा आणायला निघतो. जरा थांबा! दोष बॅटरीपासून डिकीपर्यंत नेलेल्या तारेत तर नाही ना?

थोडे गणित करू. समजा, अँप्लिफायरला २४० वॅट शक्ती लागते. घरातील २३० व्होल्टवर त्यासाठी सुमारे १ अँपियर धारा पुरते. मोटारीची बॅटरी मात्र १२ व्होल्टची. शक्ती म्हणजे विद्युत्‌दाब गुणिले धारा. म्हणून येथे २० अँपियर लागतात.

तारेचा रोध लांबीच्या सम प्रमाणात व काटछेदाच्या क्षेत्रफळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. तांब्याच्या १ चौ. मि.मी. छेदाच्या ५ मीटर तारेचा रोध ०.०८५ ओहम येतो. किती क्षुल्लक! पण २० अँपियरला याच तारेत १.७ व्होल्ट खर्ची पडतात. २३० मधून एवढे गेले तर कळणारही नाही. १२ मधून गेले म्हणजे सातवा हिस्सा गेला. आणि ठोक्याच्या क्षणी धारा वाढते, तेव्हा दाब नेमका हवा असतानाच घसरतो.

ही शक्ती जाते कोठे? उष्णतेत. धारेचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे ३४ वॅट! गालिच्याखाली दबलेल्या तारेतून ही उष्णता सहज बाहेर पडत नाही. वरचे प्लास्टिक मऊ होते, आतील धातू गाडीच्या पत्र्याला टेकला तर आग लागू शकते. हीच तार १० चौ. मि.मी. छेदाची घेतली, तर घट ०.१७ व्होल्ट आणि उष्णता ३.४ वॅट एवढीच उरते.

आता धातू पाहू. ॲल्युमिनियमचा विशिष्ट रोध तांब्याच्या सुमारे १.६५ पट आहे. म्हणजे १० चौ. मि.मी. तांब्याचे काम करायला सुमारे १६.५ चौ. मि.मी. ॲल्युमिनियम हवे. तरीही त्याचे वजन तांब्याच्या निम्मेच भरते. म्हणून तर मोठमोठ्या मनोऱ्यांवरील विद्युत्‌वाहिन्या ॲल्युमिनियमच्या असतात. मोटारीत मात्र जागा थोडी आणि हादरे फार. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा दुर्वाहक थर चटकन जमतो, दाबाखाली धातू हळूहळू सरकून जोड सैल होतो आणि तापू लागतो.

पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्लीसारख्या बाजारात तार घेताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. वरून तांबूस दिसणारी तार आतून ॲल्युमिनियमची असू शकते. अशी तार स्वस्त पडते, पण तेवढ्याच जाडीला तिचा रोध सुमारे दीडपट असतो. ती ओळखायची कशी? तुकडा सोलून टोक कानशीने घासा. आत पांढरे दिसले की समजा. किंवा शाळेच्या प्रयोगशाळेत सोललेल्या तारेचे वस्तुमान व मोजपात्रात आकारमान मोजून घनता काढा. तांब्याची घनता घन सेंटीमीटरला ८.९ ग्रॅम असते. मुलामा दिलेल्या तारेची ३ ते ४ च्या आसपास येते.

शेवटी एक सूचना. मोटारीच्या बॅटरीवर स्वतः प्रयोग करू नका. तार कितीही चांगली असो, तिला साजेसा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवाच. तो अँप्लिफायरपेक्षा तारेचे, आणि गाडीत बसलेल्या माणसांचे, रक्षण करतो.