हुंकाराला हुंकार

बाळाला तेल लावायचं चाललं होतं. भाचीच्या सासूबाई भिंतीला टेकून पाय लांब करून बसल्या होत्या आणि त्यांच्या दोन नडग्यांच्या खोबणीत तीन महिन्यांचं बाळ उताणं पडलं होतं. तळपायाला तेल चोळता चोळता त्या विचारत होत्या, “कोण आलंय? मावशीआजी आली? काय आणलं तिनं?” मग हात थांबवून त्या बाळाच्या तोंडाकडे बघत राहायच्या. बाळ ओठांचा चंबू करायचं, पाय झाडायचं आणि घशातून आवाज यायचा, “अग्गूऽ.”

“हो का? एवढंच आणलं? काय म्हणतो माजा लाजा?”

आतून भाची ओरडली, “आई, बोबडं नका ना बोलू त्याच्याशी! तसंच शिकेल तो.”

मी पडले पाहुणी, त्यामुळे गप्प बसले. पण या वादात विज्ञान जवळजवळ पूर्णपणे सासूबाईंच्या बाजूचं आहे.

मोठी माणसं बाळाशी जी लाडिक भाषा बोलतात, तिच्या अभ्यासात मराठीचा मान जुना आहे. पुण्याचे भाषावैज्ञानिक अशोक केळकर यांनी 1964 साली मराठीतल्या या बोलीवर इंग्रजीत एक निबंध लिहिला. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन या अमेरिकी अभ्यासकाने सहा भाषांमधली बाळबोली शेजारी शेजारी ठेवून पाहिली. इंग्रजी, स्पॅनिश, अरबी, अमेरिकेतली कोमांची, सैबेरियाच्या पूर्व टोकाची गिल्याक आणि आपली मराठी. एकमेकींपासून इतक्या दूरच्या या भाषांत युक्त्या मात्र सारख्याच निघाल्या. अक्षरं सोपी करायची, अवघड ‘र’ टाळायचा, शब्द दुहेरी करायचा. आपले भूभू, मंमं, दुदू, जोजो याच जातीचे. एडिंबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 मध्ये इंग्रजी ऐकत वाढणाऱ्या 47 बाळांच्या घरातलं बोलणं तपासलं. असे दुहेरी आणि लाडाचे शब्द ज्यांच्या कानावर जास्त पडत होते, त्यांचा शब्दसाठा पुढे अधिक वेगाने वाढला. कुत्र्याला आधी ‘भूभू’ म्हटल्याने ‘कुत्रा’ शिकायचा राहत नाही.

‘जवळजवळ’ म्हणाले ते एवढ्यासाठी की मूल स्वतः बोबडं बोलायला लागलं की त्याचीच नक्कल त्याला ऐकवण्यात फारसा अर्थ नाही. ते म्हणालं, “दादा पलला,” की आपण म्हणायचं, “हो, दादा पळाला! कुठे पळाला?” चूक दाखवायची नाही, बरोबर रूप फक्त कानावर घालायचं. अनेक आया हे न शिकवताच करतात.

खरं तर शिकवणी त्याच्याही आधी, पोटात असतानाच सुरू झालेली असते. गर्भाला शब्द स्पष्ट कळत नाहीत, भिंतीपलीकडच्या बोलण्यासारखे ते अंधुक ऐकू येतात, पण बोलण्याची चाल पोचते. 2009 मध्ये जर्मनीतल्या वुर्झबर्गच्या काट्लीन वेर्मके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अवघ्या काही दिवसांच्या फ्रेंच आणि जर्मन बाळांचं रडणं ध्वनिमुद्रित केलं. फ्रेंच बाळांच्या रडण्याचा सूर खालून वर चढत जात होता, जर्मन बाळांचा वरून खाली उतरत होता. आपापल्या आईच्या भाषेसारखा!

आता ‘ताक’ आणि ‘टाक’ हे दोन शब्द मोठ्याने म्हणून पाहा. पहिल्यात जीभ दातांना टेकते, दुसऱ्यात मागे वळून टाळूला. आपल्याला हे दोन आवाज इतके वेगळे वाटतात की गल्लत होणं अशक्य. इंग्रजी बोलत वाढलेल्या बहुतेक माणसांना मात्र तो एकच आवाज ऐकू येतो. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी कॅनडात नेमकी हीच जोडी, हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’, बाळांना ऐकवली. बाळ आईच्या मांडीवर. ध्वनिक्षेपकातून ‘त, त, त’ चाललेलं. मध्येच ‘ट’ आला आणि बाळाने मान वळवली, तर काळ्या खोक्यात दिवा लागून खेळण्यातला प्राणी हलायला लागायचा. आईच्या कानांवर हेडफोन आणि त्यात संगीत, म्हणजे नकळतही ती खूण करायला नको.

1984 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : सहा ते आठ महिन्यांच्या, हिंदीचं अक्षरही न ऐकलेल्या बाळांपैकी बहुतेकांना फरक कळला. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांत तो मोजक्याच जणांना कळला. हिंदी घरातल्या बाळांना त्या वयातही तो कळत होताच.

म्हणजे जन्मतः बाळाचे कान साऱ्या जगाच्या भाषांना उघडे असतात. पहिल्या वाढदिवसापर्यंत मेंदू ठरवतो की या घरात कुठल्या फरकांना अर्थ आहे, आणि बाकीच्यांकडे काणाडोळा करायला लागतो. दार कायमचं बंद होत नाही, पण लोटलं जातं. परदेशी वाढलेली आपली काही नातवंडं ‘बाळ’ला ‘बाल’ म्हणतात त्यामागे हेच आहे. त्यांची जीभ जड नसते, कानाने ‘ळ’ची दखल घेणं सोडलेलं असतं.

मग मोबाइलवर गाणी लावून दिली तर कान तयार राहतील? हे सिअ‍ॅटलच्या पॅट्रिशिया कूल यांनी तपासलं. नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांच्या एका गटाशी चिनी बोलणारी माणसं 12 वेळा खेळली, त्यांनी पुस्तकं वाचून दाखवली. दुसऱ्या गटाला तीच माणसं, तीच पुस्तकं, तीच खेळणी, पण पडद्यावर. तिसऱ्या गटाला फक्त आवाज. 2003 मध्ये आकडे आले. पहिल्या गटातल्या बाळांचे कान चिनी आवाजांना सरावले, तैवानमधल्या बाळांइतके. पडद्यासमोर बसलेल्यांची प्रगती शून्य. पडद्याकडे तीही बघत होती, शिकली मात्र काहीच नाहीत.

पडद्यात काय नसतं? तो बाळासाठी थांबत नाही.

त्याच 2003 साली मायकेल गोल्डस्टीन, अँड्र्यू किंग आणि मेरिडिथ वेस्ट यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. किंग आणि वेस्ट मुळात पक्ष्यांचे अभ्यासक. अमेरिकेतल्या काऊबर्ड नावाच्या पक्ष्यात मादी गात नाही, पण नराच्या गाण्यातला एखादा तुकडा आवडला की पंख फडकवते, आणि नर तोच तुकडा घोळवत राहतो. न गाणारी गाणं घडवते! हीच कल्पना त्यांनी आठ महिन्यांच्या बाळांवर लावली. बाळाने आवाज काढला की आईने हसायचं, पुढे सरकायचं, त्याला हात लावायचा. दुसऱ्या गटातल्या आयाही तेवढ्याच वेळा हसल्या, पण त्याचा बाळाच्या आवाजाशी मेळ नव्हता. पहिल्या गटातल्या बाळांचं बडबडणं काही मिनिटांतच जास्त बोलण्यासारखं झालं. दुसऱ्या गटात फरक पडला नाही. माया दोन्हीकडे सारखीच होती, वेळ तेवढी निराळी होती.

सासूबाई तेलाचा हात थांबवून जे करत होत्या ते हेच. मराठीत बाळाच्या ‘अग्गू’ला हुंकार म्हणतात आणि गोष्ट ऐकणाऱ्याने मध्ये मध्ये द्यायच्या ‘हं’लाही हुंकारच. चिऊकाऊची गोष्ट सांगताना आजी हुंकार मागते, आणि तो आला नाही की गोष्ट अडते. खोखोसारखंच, खो मिळाल्याशिवाय पुढचा उठत नाही. रेचल रोमियो यांच्या गटाने 2018 मध्ये चार ते सहा वर्षांच्या मुलांत पाहिलं, की गोष्ट ऐकताना मेंदूतला भाषेचा भाग किती जागा होतो याचं नातं कानावर पडलेल्या शब्दांच्या संख्येपेक्षा अशा देवाणघेवाणीशी जास्त आहे.

म्हणून बाळाशी कुठल्या भाषेत बोलावं हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. ज्या भाषेत आपल्याला रागावता येतं, चिडवता येतं, उगाच काहीतरी बडबडता येतं, ती बोलावी. स्वतःला न पेलणाऱ्या इंग्रजीत “सी, डॉगी! डॉगी कमिंग!” एवढ्यावर आईबाप थांबतात आणि गप्पांचा झरा तिथेच आटतो. घरात दोन भाषा खऱ्याखुऱ्या नांदत असतील तर खुशाल नांदोत. मूल त्यांची सरमिसळ करतं, पण तेवढ्याने गोंधळत नाही. भाषा घशातूनच यावी असंही नाही. कर्णबधिर आईवडिलांची कर्णबधिर बाळं हातांनी बडबडतात, हे 1991 मध्ये कॅनडात दिसून आलं.

आता एका काळजीचं. ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘याचा बापही चौथ्या वर्षी बोलला’ या दोन वाक्यांनी आपल्याकडे फार नुकसान केलं आहे. वर्षाचं बाळ बडबडत नसेल, बोटाने काही दाखवत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, दोन वर्षांचं होऊन ‘बाबा गेले’ असे दोन शब्द स्वतःहून जोडत नसेल, किंवा येत असलेलं बोलणं कुठल्याही वयात बंद झालं, तर वाट पाहू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि सगळ्यात आधी कान तपासून घ्या. थोडंसं ऐकू येणारं मूल दाराच्या आवाजाला दचकतं, म्हणून घरचे निर्धास्त राहतात. त्याला ‘ताक’ आणि ‘टाक’ मात्र वेगळे ऐकू येत नसतात. तपासणी महिन्याच्या आत, निदान तीन महिन्यांत आणि उपचार सहा महिन्यांच्या आत सुरू व्हावेत, असा तज्ज्ञांचा दंडक आहे. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत ही सोय आहे. बाकी जिल्ह्यांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या केंद्रात चौकशी करा, आशाताईंना विचारा. पहिल्या चाचणीत बाळाच्या कानात एक मऊ बोंडी ठेवून बारीक आवाज सोडतात आणि आतल्या कानातून उलट येणारा सूक्ष्म आवाज यंत्र टिपतं. दुखत नाही, काही मिनिटांत होतं, आणि बाळ झोपलेलं असेल तर उत्तमच.