वास अन्नाचा की वायरचा?

एअर फ्रायरमधून धूर आला की हात आधी ड्रॉवर ओढायला जातो. तो आवरा. आधी बटण बंद करून पिन काढा. मग नाकाला विचारा: वास अन्नाचा आहे की प्लॅस्टिकचा?

अन्नाचा असेल तर घाबरायचं कारण नाही. आत वर कॉइल तापते आणि पंखा ती गरम हवा वेगाने खाली फेकतो. बांगडा किंवा कातडीसकट कोंबडी 200 अंशांवर लावली की वितळलेली चरबी जाळीखाली साचते, जळते आणि पांढरा धूर सुटतो. तापमान 180वर आणावं, साचलेली चरबी मध्येच काढून टाकावी. तेलही बघायला हवं. घाण्याचं शेंगदाणा तेल साधारण 160 अंशांनाच धुरावू लागतं. रिफाइंड 220च्या पुढेही टिकतं. घाण्याच्या तेलाची चव सोडवत नसेल, तर ते शिजल्यावर वरून घालावं. कढीपत्ता, पापड, रिकामा बटर पेपर अशा हलक्या वस्तू उडून कॉइलला चिकटतात आणि करपतात.

खरी हेळसांड होते ती या कॉइलचीच. बास्केट आपण लखलखीत घासतो, पण वर उडालेले तेलाचे शिंतोडे कुणी पाहत नाही. थरावर थर बसतात, आणि मग साधे बटाटेही धूर काढतात. यंत्र पूर्ण गार झाल्यावर, पिन काढून, उलटं करून मऊ ब्रशने आणि घट्ट पिळलेल्या फडक्याने कॉइल पुसावी. तारेची घासणी नको, पाणी ओतणं तर नकोच. पुरतं वाळल्याशिवाय पिन लावू नये.

नव्या यंत्राला पहिल्या एक-दोन वापरांत वास येतो, तो खिडक्या उघड्या ठेवल्या की जातो. त्यानंतरही राहिला तर दुकानदाराला गाठा.

प्लॅस्टिक किंवा वायर जळाल्याचा वास मात्र अजिबात अंगावर काढू नये. 1500 वॅटचं यंत्र 230 व्होल्टवर साधारण साडेसहा अँपिअर ओढतं. ते 6 अँपिअरच्या सॉकेटवर किंवा मिक्सरच्या शेजारी एक्स्टेन्शन बोर्डवर लावलं, तर तापणारच. त्याला 16 अँपिअरचं सॉकेट हवं. पिन तपकिरी पडली असेल, सॉकेट हाताला चटका देत असेल, तर इलेक्ट्रिशियनने बघेपर्यंत वापर बंद.

ज्वाळा दिसल्या तर ड्रॉवर बंदच ठेवा, पाणी मारू नका. पिनपर्यंत हात पोहोचत नसेल तर मेन स्विच पाडा. आग बाहेर पसरली तर सगळ्यांना घेऊन घराबाहेर पडा आणि 101 किंवा 112 लावा.