आधी ह्यांचा रिपोर्ट, मग तुमची इंजेक्शनं

लग्नाला दोन-तीन वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही, की पहिली फाईल कुणाची निघते? सुनेची! सोनोग्राफी, हार्मोन्स, नळ्यांचा एक्स-रे, मग दुर्बीण. मधूनमधून उपास-नवस आहेतच. 'ह्यांची' तपासणी तेवढी राहून जाते. 'आमच्या घराण्यात असलं काही नाही,' असं सासूबाई म्हणाल्या की विषय संपला.

मैत्रिणींनो, मूल होत नसलेल्या जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण असतं. आणि वीर्यतपासणीला ना भूल लागते, ना टाका. बायकोच्या दुर्बिणीच्या कागदावर पटकन सही करणाऱ्या नवऱ्याला लॅबची पायरी मात्र जड जाते!

एका रिपोर्टवर घाबरून जायचं नाही. शुक्रजंतू तयार व्हायलाच सुमारे अडीच महिने लागतात. मध्यंतरी मोठा ताप येऊन गेला असेल तरी आकडा घसरतो, म्हणून तपासणी पुन्हा करतात. पण दुसऱ्यांदाही शुक्रजंतू शून्य किंवा फारच थोडे आले, तर डॉक्टरांना गुणसूत्रांच्या तपासणीबद्दल जरूर विचारा. लागतं ते फक्त रक्त.

पुरुषात एक एक्स आणि एक वाय गुणसूत्र असतं. काहींना जन्मतःच एक एक्स जादा असतो. ह्याला क्लाइनफेल्टर सिंड्रोम म्हणतात. सुमारे ६०० मुलग्यांमागे एकाला तो असतो, पण कित्येकांना लग्नानंतर मूल होईना तेव्हाच कळतं. ह्यात पुरुषी हार्मोन कमी पडून पुढे हाडं ठिसूळ होऊ शकतात. म्हणजे मुलाचं राहू द्या, त्यांच्या तब्येतीसाठीही हे कळलेलं बरं.

दुसरी तपासणी वाय गुणसूत्राची. १९७६ मध्ये इटलीत तिएपोलो आणि झुफार्डी ह्या संशोधकांना १,१७० पुरुषांच्या तपासणीत सहा जण असे सापडले, की त्यांच्या वायचा टोकाकडचा तुकडाच नव्हता आणि शुक्रजंतूही नव्हते. आता वायचे असे तीन भाग माहीत आहेत: ए, बी आणि सी. ए किंवा बी पूर्ण गळालेला असेल, तर वृषणातून शुक्रजंतू काढायचं ऑपरेशन जवळजवळ व्यर्थच जातं. फक्त सी नसेल, तर कित्येकांना शुक्रजंतू मिळतात आणि टेस्ट ट्यूबने मूल होऊ शकतं. मात्र मुलगा झाला तर बापाचा तोच अर्धवट वाय त्याच्याकडे जाणार. मुलीकडे वाय जातच नाही.

म्हणूनच हा रिपोर्ट आधी हवा. कारण टेस्ट ट्यूब म्हटलं, की रोजची इंजेक्शनं बायकोच्या पोटावर आणि बीजं काढताना भूलही तिलाच. वर दागिने गहाण पडतात ते वेगळंच.

काहींच्या शुक्रवाहिन्या जन्मापासूनच नसतात. शुक्रजंतू तयार होतात, पण त्यांना बाहेर यायला वाटच नाही. बऱ्याचदा ह्यामागे सीएफटीआर नावाच्या जनुकातला दोष असतो. इथे बायकोनेही रक्त तपासून घ्यायचं. दोघांत दोष निघाला, तर बाळाला फुफ्फुसांचा गंभीर आजार होऊ शकतो.

सगळ्यांचं कारण रक्तात सापडतंच असं नाही. अनेकांचे हे रिपोर्ट नॉर्मल येतात आणि कोडं तसंच राहतं. पण सापडलं, तरी ह्या दोषांचा मर्दानगीशी काही संबंध नाही, हे डॉक्टरांच्या तोंडून नवऱ्याने ऐकलेलं उत्तम. रिपोर्ट आणायला दोघांनी मिळून जा. जमलं तर सासूबाईंनाही न्या!