बांधकामावरचा पोरगा

ओहायो राज्यातल्या कँटन शहरात १९६२ साली एका इमारतीचं काम सुरू झालं. घुमट फुटबॉलच्या आकाराचा, आत अमेरिकी व्यावसायिक फुटबॉलमधल्या थोर खेळाडूंचे अर्धपुतळे ठेवायचे, नाव ‘प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेम’. १९२० साली याच शहरात, मोटारी विकण्याच्या एका शोरूममध्ये संघांचे मालक जमले होते आणि आजच्या एनएफएल या व्यावसायिक लीगची सुरुवात तिथे झाली, म्हणून हा मान कँटनला. ७ सप्टेंबर १९६३ला दारं उघडली. त्या बांधकामावर राबलेल्या मजुरांत सतरा-अठरा वर्षांचा एक धिप्पाड कृष्णवर्णीय पोरगा होता, ॲलन पेज. पंचवीस वर्षांनी त्याच घुमटाखाली त्याचा अर्धपुतळा बसला.

कँटन पोलादाचं शहर. शाळा संपली की पोरांनी कारखान्यात लागायचं, ही ठरलेली वाट. आणि शाळेचं फुटबॉल म्हणजे गावाचा जीव की प्राण. शेजारच्या मॅसिलनशी कँटनच्या मॅकिन्ली हायस्कूलची चुरस १८९४पासूनची. मॅसिलनमध्ये तर मुलगा जन्मला की त्याच्या पाळण्यात इवलासा फुटबॉल ठेवत. अशा मुलखात पेज वाढला, पण शिकला सेंट्रल कॅथलिक या दुसऱ्या शाळेत. थोरला भाऊ खेळायचा, त्याचं बघून हाही मैदानात उतरला. तेराव्या वर्षी आई गेली. शिकल्याशिवाय गत्यंतर नाही, हे मात्र आईवडिलांनी त्याच्या मनावर पक्कं बिंबवलेलं होतं. रोज तेच ते, अंग मोडणारं कारखान्यातलं काम आपल्याला नको, हे त्याने फार लवकर ठरवलं. वकील व्हायचं होतं त्याला. शाळांमधली वर्णभेदी विभागणी बेकायदा ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा १९५४चा निकाल आला तेव्हा तो आठ वर्षांचा होता, आणि कायद्याने माणसांची आयुष्यं बदलतात हे त्याच्या मनात घर करून राहिलं.

त्याची जागा लाइनमनची. हा खेळ लंबगोल चेंडू हातात धरून पळायचा. दोन्ही संघांचे आडदांड गडी समोरासमोर वाकून बसतात आणि चेंडू हलला की एकमेकांवर आदळतात. बचावाच्या लाइनमनने समोरची भिंत फोडून चेंडूवाल्याला आडवं करायचं. टाळ्या आणि वर्तमानपत्रातले फोटो बहुतेक वेळा चेंडूवाल्याच्या वाट्याला. पेजची खासियत होती ती पहिल्या क्षणातली चपळाई: समोरचा उठेपर्यंत हा त्याच्या बगलेतून पार झालेला असायचा. शाळेतल्या या खेळाच्या जोरावर तो नोत्र दाम विद्यापीठात गेला, आणि १९६६ साली त्या संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं.

पुढच्या वर्षी मिनेसोटा व्हायकिंग्जने त्याला पहिल्याच फेरीत उचललं. कार्ल एलर, जिम मार्शल, गॅरी लार्सन आणि पेज ही जांभळ्या जर्सीतली चौकडी ‘पर्पल पीपल ईटर्स’ म्हणून गाजली. चार वेळा सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत, पोचले, चारही वेळा हरले. पण १९७१ साली लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून पेज निवडला गेला. बचावातल्या खेळाडूला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. त्यानंतर आजवर फक्त लॉरेन्स टेलरला, १९८६मध्ये, तो मिळाला आहे.

मला मात्र त्याची शेवटची वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. खेळत असतानाच त्याने मिनेसोटा विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली, १९७८मध्ये. त्याच काळात पळण्याची गोडी लागली आणि वजन उतरलं. लाइनमन हलका झाला हे संघाला रुचलं नाही. त्याच वर्षी व्हायकिंग्जने त्याला सोडलं आणि शिकागो बेअर्सने अवघ्या शंभर डॉलरांत घेतलं. तो १९८१पर्यंत तिथे खेळला, आणि मधे १९७९ साली पूर्ण मॅरेथॉन पळणारा एनएफएलमधला पहिला चालू खेळाडूही ठरला.

१९८८मध्ये कँटनला परतताना त्याने एक गोष्ट केली, ती मला फार मोलाची वाटते. हॉल ऑफ फेमच्या सोहळ्यात खेळाडूची ओळख बहुधा त्याचा प्रशिक्षक किंवा जुना सहकारी करून देतो. पेजने निवडलं मिनीॲपोलिसच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिकेला, विलारीन बीझली यांना. भाषणात तो शिक्षणाबद्दलच बोलला. संघाच्या बैठकीत डावपेचांची वही मोठ्याने वाचायची वेळ आली, तेव्हा त्याच्या सोबत्यांपैकी काहींना ती धड वाचता आली नव्हती. शाळा, कॉलेज पार करून आलेली ही मोठी माणसं! मैदानावर कुणाला न जुमानणारा गडी समोरच्या ओळीवर अडखळतो आणि इतकी वर्षं कुणी त्याला थांबवून शिकवत नाही, यात दोष त्या गड्याचा मुळीच नाही. गावोगावच्या शाळांनी त्यांच्याकडून सामने जिंकून घेतले होते.

त्याच वर्षी ‘पेज एज्युकेशन फाउंडेशन’ सुरू झालं. गोरेतर मुलांना उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती, पण एका अटीवर: घेणाऱ्याने लहान वर्गांतल्या मुलांना जाऊन शिकवायचं. पुढे १९९३मध्ये पेज मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले. निवडणूक जिंकून त्यांनी ती जागा मिळवली, आणि २०१५मध्ये सत्तरीला निवृत्त होईपर्यंत पुन्हा पुन्हा निवडून आले. २०१७मध्ये मिनीॲपोलिसच्या एका शाळेला त्यांचं नाव मिळालं. आधीचं नाव होतं ॲलेक्झांडर रॅमसी या गव्हर्नरचं, ज्याने डकोटा या मूळनिवासी लोकांना संपवा किंवा राज्याबाहेर हाकला असं म्हटलं होतं. ते नाव बदलायचा आग्रह विद्यार्थ्यांनी धरला होता.

न्यायमूर्ती लहान मुलांच्या वर्गांत जातात तेव्हा पोरांची नजर त्यांच्या करंगळीवर खिळते. मैदानावर पुन्हा पुन्हा निखळून ती जवळजवळ काटकोनात बाहेर वळली आहे. त्या करंगळीवर त्यांनी आपल्या मुलीबरोबर मुलांसाठी एक पुस्तक लिहिलं. करंगळी दाखवायची, मुलं हसली की पुस्तक उघडायचं.