फोनला भूकंप आधी कसा कळतो?

फोन आडवा केला की स्क्रीन फिरते, ती ॲक्सेलरोमीटर या सेन्सरमुळे. हाच सेन्सर जमिनीची थरथरही पकडतो. सप्टेंबर २०२३ मध्ये भारतात सुरू झालेले अँड्रॉइडचे भूकंप अलर्ट यावरच चालतात.

भूकंपात आधी पी लहरी येतात, सेकंदाला साधारण ६ किमी वेगाने. जास्त नुकसान करणाऱ्या एस लहरी मागून येतात, साधारण ३.५ किमी वेगाने. म्हणजे केंद्रापासून १०० किमीवर पी लहर १७व्या सेकंदाला पोचते आणि एस २९व्या. केंद्राजवळच्या अनेक स्थिर फोननी एकदम थरथर कळवली, की सर्व्हर लांबच्या फोनना अलर्ट पाठवतो. इंटरनेट या लहरींपेक्षा कितीतरी फास्ट आहे.

पण हे भाकीत नाही, भूकंप सुरू झाल्यावरच अलर्ट येतो. 'आज रात्री भूकंप होणार' असे फॉरवर्ड खोटेच समजा. आणि केंद्राजवळ अलर्टच्या आधी हादरा बसतो. १९९३ ला किल्लारीत पहाटे झोपेत दगडमातीची घरं कोसळली. तिथे मजबूत घरच जीव वाचवतं.

सेटिंग्जमध्ये 'सेफ्टी अँड इमर्जन्सी'त जाऊन 'अर्थक्वेक अलर्ट्स' ऑन करा. लोकेशन आणि नेटही चालू हवं.

अलर्ट वाजला तर स्क्रीनशॉट काढत बसू नका. खाली बसा, मजबूत टेबलाखाली शिरा, डोकं झाका, टेबलाचा पाय धरून ठेवा. खिडकीपासून लांब राहा, लिफ्ट वापरू नका. बाहेर असाल तर इमारती आणि विजेच्या तारांपासून दूर, मोकळ्या जागेत थांबा. हातात काही सेकंदच असतात, म्हणून घरच्यांसोबत एकदा सराव आजच करून बघा.